आधी कोण जाणार : शहरी चौक आणि चालकरहित वाहने

शहरातील दोन रस्ते जेथे एकमेकांना छेदतात तेथे जमिनीचा एकच तुकडा अनेक दिशांच्या वाहतुकीला एकाच वेळी हवा असतो, आणि तो एका क्षणी एकालाच देता येत असल्यामुळे आधी कोण जाणार व कोणी थांबायचे हे ठरविण्याची काही ना काही व्यवस्था प्रत्येक शहराला उभारावी लागते. पुढे जाण्याच्या या हक्काला अग्रक्रम असे म्हणतात. सरळ रस्त्यावर वाहनाला प्रामुख्याने पुढच्या-मागच्याचे भान ठेवावे लागते. चौकात मात्र आडव्या दिशेने येणाऱ्या अनोळखी माणसाचा हक्क ओळखून तो मानावा लागतो, आणि म्हणूनच चालकाशिवाय धावणाऱ्या वाहनांच्या दृष्टीने चौक ही शहरातील सर्वांत अवघड जागा ठरली आहे. ही वाहने चौकातील संगणकाशी संदेशांची देवाणघेवाण करून दिव्याविना पार होऊ शकतील, ही कल्पना एकविसाव्या शतकातील असली तरी तिची मुळे दीडशे वर्षांहून जुन्या एका स्थित्यंतरात आहेत. या काळात अग्रक्रम देण्याचा अधिकार पोलिसाच्या हातातून दिव्याकडे, दिव्याकडून रस्त्याखालच्या तारेकडे, तेथून संगणकाकडे आणि आता खुद्द वाहनाकडे सरकत आला आहे. आणि दर खेपेस नव्या व्यवस्थेला ज्याची मोजदाद करता येत होती त्याला वाट आधी मिळाली, ज्याची करता येत नव्हती तो ताटकळत राहिला.

या इतिहासाचा आरंभ मोटारीपासून होत नाही. डिसेंबर १८६८ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात, संसदेच्या इमारतीजवळ, रस्त्यावरचा पहिला सिग्नल उभा राहिला तेव्हा तेथे घोडागाड्याच धावत होत्या. त्याची रचना रेल्वेच्या कामातून आलेल्या जॉन पीक नाइट यांची होती, आणि महाराष्ट्रातील जुन्या स्थानकांवर ज्याला सिग्नलचा हात म्हणत त्याच जातीचे हात या खांबाला बसविलेले होते. हात आडवे असले की थांबायचे, खाली कलले की जपून पुढे जायचे. रात्री त्याच अर्थाने तांबडा आणि हिरवा गॅसचा दिवा दाखविला जाई, आणि खांबापाशी उभा असलेला पोलीस हे सर्व हाताने फिरवीत असे. पुढच्याच महिन्यात गळणाऱ्या गॅसचा स्फोट होऊन तो पोलीस जखमी झाला. हा प्रयोग गुंडाळला गेला आणि त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लंडनने रस्त्यावर सिग्नल लावला नाही. स्फोटाची ही हकिकत बहुतेक पुस्तकांत येते. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हा सिग्नल पायी चालणाऱ्यांसाठी लावलेला होता. गाड्यांच्या गर्दीतून संसद सदस्यांना आणि इतर नागरिकांना रस्ता ओलांडता यावा म्हणून गाड्यांना थांबविणे हा त्याचा उद्देश होता. चौकातील पहिल्या यंत्राने पादचाऱ्याची बाजू घेतली होती, हे पुढील सर्व प्रकरण वाचताना लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मोटार आली आणि ही बाजू बदलली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत विल्यम फेल्प्स ईनो यांनी न्यू यॉर्कसाठी वाहतुकीचे लेखी नियम तयार केले आणि कोलंबस सर्कल येथे सर्व वाहनांनी एकाच दिशेने वळसा घ्यावा ही पद्धत पुढे आणली, म्हणजे अग्रक्रमाचा प्रश्न रस्त्याच्या आकारानेच सोडविण्याचा प्रयत्न केला. ५ ऑगस्ट १९१४ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे, युक्लिड ॲव्हेन्यू आणि पूर्व १०५वा रस्ता यांच्या चौकात, जेम्स होग यांच्या रचनेचा विजेचा सिग्नल सुरू झाला. त्यात तांबडे आणि हिरवे असे दोनच रंग होते, आणि कोपऱ्यावरच्या चौकीत बसलेला पोलीस कळ फिरवून ते बदलीत असे. अग्निशमन दलाचा बंब येत असेल तर चारही दिशांची वाहतूक एकदम थांबविण्याची सोय या रचनेत होती. म्हणजे दिवा विजेचा झाला, पण बंबाचा आवाज ऐकून नेहमीचा क्रम मोडण्याचा विवेक माणसाकडेच राहिला. १९२० साली डेट्रॉइटमधील पोलीस अधिकारी विल्यम पॉट्स यांनी पिवळा दिवा जोडून चारही बाजूंना दिसणारा तिरंगी सिग्नल तयार केला. बदल होणार आहे अशी आगाऊ सूचना देणारा आणि चौकात शिरलेल्या वाहनाला बाहेर पडायला अवधी देणारा हा मधला दिवा आजही जगभर त्याच कामी आहे.

त्यानंतर घड्याळाच्या यंत्रणेवर चालणारे स्वयंचलित सिग्नल पसरले, कारण प्रत्येक चौकात दिवसभर पोलीस उभा करणे शहरांना परवडेनासे झाले होते. याच दशकात आणखी एक बदल कायद्याने घडविला. लॉस एंजेलिस शहराने १९२५ मध्ये जो वाहतूकनियम लागू केला त्याने पादचाऱ्यावर ठरावीक जागीच आणि सिग्नल पाहूनच रस्ता ओलांडण्याचे बंधन घातले, आणि हा नमुना इतर अमेरिकी शहरांनी उचलला. तोवर रस्ता हा चालणाऱ्याचा, खेळणाऱ्या मुलाचा आणि फेरीवाल्याचाही मानला जात होता. यापुढे तो वाहनांचा झाला आणि पायी चालणारा तेथे परवानगीने येणारा ठरला. वाहतुकीच्या तंत्राचा इतिहास लिहिताना हा कायदा बाजूला ठेवला जातो, पण तो बाजूला ठेवण्याजोगा नाही, कारण पुढील प्रत्येक यंत्राने ही वाटणी गृहीत धरली.

घड्याळाचा सिग्नल आंधळा होता. आडव्या रस्त्यावर एकही वाहन नसले तरी तो मुख्य रस्त्याला तांबडा दाखवीत असे. हा दोष घालविण्यासाठी वाहनाची चाहूल घेणारे सिग्नल आले. १९२८ मध्ये बाल्टिमोर येथे चार्ल्स ॲडलर यांनी आवाजावर चालणारा सिग्नल बसविला : छोट्या रस्त्यावरील चालकाने थांबून भोंगा वाजविला की खांबावरचा ध्वनिग्राहक तो टिपी आणि त्याला हिरवा दिवा मिळे. याच सुमारास चाकांच्या वजनाने दाबल्या जाणाऱ्या पट्ट्या रस्त्यात बसविण्याची पद्धतही सुरू झाली. बाल्टिमोरच्या प्रयोगानंतर ९२ वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, मुंबई पोलिसांनी निवडक चौकांत केलेल्या प्रयोगाची माहिती प्रसृत केली, आणि त्याचे तत्त्व नेमके उलटे होते : तांबड्या दिव्यापाशी थांबलेल्या वाहनांच्या भोंग्यांचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की तांबड्याची उलटी गणती पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. भोंगा हे एका शहरात दाद मागण्याचे साधन होते आणि दुसऱ्या शहरात तो सार्वजनिक त्रास ठरला. यंत्राला चालकाचे म्हणणे ऐकू यावे की नाही, आणि ऐकू आल्यावर त्याचा अर्थ काय लावावा, हा प्रश्न दोन्हींत एकच आहे.

भोंगा आणि दाबपट्टी मागे पडून पुढे रस्त्याच्या पृष्ठभागाखाली तारेचे वेटोळे पुरण्याची पद्धत रूढ झाली. या वेटोळ्यातून विद्युतप्रवाह वाहत असतो आणि वर धातूचे वाहन आले की त्याच्या चुंबकीय गुणधर्मात बदल होतो, तो नियंत्रकाला कळतो. ही युक्ती स्वस्त आणि टिकाऊ असल्यामुळे जगभर पसरली. पण तिला धातूच कळत असल्याने हलकी सायकल तिच्यातून अनेकदा सुटे, आणि पायी चालणारा तर तिला कधीच जाणवत नसे. त्याच्यासाठी खांबावर बटण आले. वाहन नुसते येऊन उभे राहिले की त्याची नोंद होते आणि माणसाने मात्र मागणी नोंदविली पाहिजे, हा भेद असा कोणाच्या दुष्ट हेतूने नव्हे तर तारेच्या मर्यादेतून रुजला.

सिग्नलचे गणित १९५८ मध्ये ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतील एफ. व्ही. वेब्स्टर यांनी मांडले. एका दिशेचा हिरवा दिवा लागल्यापासून तोच पुन्हा लागेपर्यंतच्या काळाला चक्रकाल म्हणतात. प्रत्येक बदलात काही सेकंद वाया जातात, कारण थांबलेल्या रांगेला हलायला वेळ लागतो आणि चौक रिकामा होऊ द्यावा लागतो. चक्रकाल आखूड ठेवला तर हा वाया जाणारा वेळ वारंवार भोगावा लागतो आणि लांब ठेवला तर रांगा वाढतात; या दोहोंतून वाहनांचा एकूण खोळंबा कमीत कमी होईल असा चक्रकाल वेब्स्टर यांच्या सूत्राने काढता येतो. चार टप्प्यांच्या चौकात प्रत्येक बदलाला ४ सेकंद, म्हणजे एका फेरीत १६ सेकंद वाया जात असतील आणि वाहतुकीने चौकाची तीन-चतुर्थांश क्षमता व्यापली असेल, तर सूत्रानुसार चक्रकाल ११६ सेकंद येतो. वाहनांच्या दृष्टीने हा आकडा योग्य आहे. ओझे घेऊन उन्हात उभ्या असलेल्या माणसाचा खोळंबा मात्र त्या सूत्रात कोणत्याही पदाने येत नाही. १९६३ मध्ये टोरांटो शहराने अनेक चौकांचे सिग्नल एका संगणकाशी जोडले, १९७० च्या दशकात सिडनी आणि ग्लासगो येथे वाहतुकीप्रमाणे वेळा आपोआप बदलणाऱ्या प्रणाली विकसित झाल्या, आणि शहराच्या सिग्नलांचे नियंत्रण एका केंद्रात एकवटू लागले. ब्रिटनमधील स्कूट ही प्रणाली वाहने चौकात पोचण्याआधीच त्यांची चाहूल घेऊन हिरव्याची वेळ थोडीथोडी वाढवीत वा घटवीत असे. या सर्व प्रणाली दिवा कधी बदलावा एवढेच ठरवीत. दिवा पाहून थांबणारा माणूस त्यांनी गृहीत धरलेला होता.

चालकरहित वाहनाचे स्वप्न याच काळात वाढत होते, पण त्याने बराच काळ चौक टाळला. १९३९ च्या न्यू यॉर्क जागतिक प्रदर्शनात नॉर्मन बेल गेडीस यांनी जनरल मोटर्ससाठी उभारलेल्या फ्यूचरामा या देखाव्यात आपोआप अंतर राखून धावणाऱ्या मोटारी दाखविल्या होत्या, त्या रुंद आणि अखंड महामार्गांवर. १९५० च्या दशकात रस्त्यात पुरलेल्या तारेच्या आधाराने वाहन चालविण्याचे जे प्रयोग आरसीए कंपनीने केले तेही सरळ रस्त्यापुरतेच होते, आणि ऑगस्ट १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोजवळ स्वयंचलित मोटारींचे जे मोठे प्रात्यक्षिक झाले तेही महामार्गाच्या राखीव मार्गिकांवर. महामार्गावर आडवे कोणी येत नाही, वळणाचा हक्क कोणी सांगत नाही आणि पायी कोणी नसतो; म्हणजे ज्या अडचणी शहरात रोज सोडवाव्या लागतात त्या तेथे आधीच वगळलेल्या असतात. ३ नोव्हेंबर २००७ रोजी कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिल येथे एका बंद पडलेल्या हवाई तळावर अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने नागरी वाहतुकीची स्पर्धा घेतली, तेव्हा चौक प्रथमच परीक्षेच्या मध्यभागी आला. अमेरिकेत अनेक चौकांना दिवा नसतो, चारही बाजूंना थांबण्याची पाटी असते, आणि जो आधी येऊन थांबला त्याने आधी जायचे असा नियम असतो. त्या नियमाने माणसांनी चालविलेल्या व यंत्रांनी चालविलेल्या वाहनांच्या सरमिसळीत वागणे हे स्पर्धकांपुढचे आव्हान होते. अंतिम फेरीतील ११ वाहनांपैकी ६ वाहनांनी मार्ग पूर्ण केला आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बॉस या वाहनाला पहिला क्रमांक मिळाला.

त्याआधी तीन वर्षे, २००४ मध्ये, टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील संगणकशास्त्र विभागातील कर्ट ड्रेस्नर आणि पीटर स्टोन यांनी अधिक मूलगामी प्रश्न विचारला होता : सर्वच वाहने संगणकाने चालविली तर दिव्याची गरज काय? त्यांनी सुचविलेल्या पद्धतीत चौकाकडे येणारे वाहन आपण किती वाजता, किती वेगाने, कोणत्या मार्गिकेतून पोचणार आणि कोठे वळणार हे रेडिओ संदेशाने चौकातील व्यवस्थापक संगणकाला कळविते. व्यवस्थापकाने चौकाच्या जागेचे बारीक चौकोन पाडलेले असतात. ते वाहन कोणत्या क्षणी कोणते चौकोन व्यापेल हे तो मनातल्या मनात चालवून पाहतो, आणि त्यांतील एकही चौकोन त्या क्षणी दुसऱ्या कोणाला दिलेला नसेल तर रेल्वेच्या आसनासारखे आरक्षण देतो. एखादा चौकोन आधीच गेलेला असेल तर विनंती नाकारली जाते आणि वाहन वेग कमी करून पुन्हा मागते. आरक्षण हाती नसेल तर थांबायचे, हा सुरक्षिततेचा मूळ नियम. अशा रीतीने आडव्या दिशांची वाहने सेकंदाच्या अंशाच्या फरकाने एकमेकांमधून निघून जातात आणि वेब्स्टर यांच्या गणितातील वाया जाणारा वेळ जवळजवळ उरत नाही. संगणकीय प्रतिरूपणात, म्हणजे प्रत्यक्ष रस्त्याऐवजी संगणकात उभ्या केलेल्या चौकात, या पद्धतीने खोळंबा सिग्नलच्या तुलनेत कितीतरी कमी झाला. माणसांनी चालविलेल्या मोटारींसाठी दिवा कायम ठेवणारी आणि बंब वा रुग्णवाहिका येत असलेल्या मार्गिकेलाच आरक्षण देणारी अशी या पद्धतीची निराळी रूपेही त्यांनी मांडली.

बुद्धीचे काम म्हणून ही रचना थोर आहे यात शंका नाही, आणि पुढील संशोधनाचा मोठा भाग तिच्याच पायावर उभा राहिला. २०१६ मध्ये अमेरिकेतील एमआयटी व इतर संस्थांतील संशोधकांनी वाहनांना कालखंड वाटून देणाऱ्या चौकाचे जे गणित प्रसिद्ध केले त्यात चौकाची क्षमता सिग्नलच्या दुप्पट होऊ शकते असे दिसले. त्याच वर्षी ऑस्टिनमध्येच झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने उलट बाजू दाखविली : जो आधी मागेल त्याला आधी, हा नियम काही परिस्थितींत सिग्नलपेक्षाही वाईट ठरतो, कारण तुरळक वाहनांच्या छोट्या रस्त्याकडून आलेली विनंतीही मुख्य रस्त्याचा भरलेला प्रवाह पुनःपुन्हा तोडू शकते. यावर अग्रक्रमाचा लिलाव करावा, म्हणजे ज्याला घाई त्याच्या वाहनाने अधिक बोली लावावी, असाही विचार मांडला गेला आहे, आणि गरिबाची वाट अडून राहू नये म्हणून व्यवस्थेनेच काही बोली लावावी अशी पुस्ती त्याला जोडलेली आहे. सार्वजनिक चौकात थांबण्याचा आणि जाण्याचा क्रम उघडपणे विकण्याची रीत आजवर नाही; तो विकता येण्याजोगा करणे हा तंत्राचा तपशील नसून राज्यव्यवहाराचा निर्णय आहे, आणि तो अभियंत्यांच्या टेबलावर सोडणे योग्य नव्हे. शिवाय या सर्व मांडण्यांत विनंती पाठविणारा घटक वाहन हाच होता. पादचाऱ्यासाठी जुन्याच बटणाची वा दिव्याची निराळी सोय जोडावी लागणार होती, आणि ती जोडली की वाहनांच्या अखंड प्रवाहात पुन्हा खंड पडणार होता.

प्रत्यक्षात आरक्षणाचा चौक शहरांत आलाच नाही. अमेरिकेने १९९९ मध्ये वाहनांच्या आपसांतील संदेशांसाठी ५.९ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील ७५ मेगाहर्ट्झ रेडिओलहरी राखून ठेवल्या होत्या, परंतु त्यांचा वापर मर्यादितच राहिल्याने २०२० मध्ये त्यांतील ४५ मेगाहर्ट्झ वायफायसारख्या वापरांसाठी मोकळ्या करण्यात आल्या. जी चालकरहित वाहने खरोखर रस्त्यावर आली ती माणसासाठी बनविलेला दिवा कॅमेऱ्याने वाचीत आली. ऑक्टोबर २०२० पासून ॲरिझोना राज्यातील फिनिक्सच्या परिसरात सर्वसामान्यांना पूर्णतः चालकरहित सेवा देणाऱ्या वेमो या कंपनीच्या मोटारी सिग्नल कोठे आहेत याचे नकाशे सोबत बाळगतात आणि त्या जागी कोणता रंग लागला आहे हे पाहतात. दिवा बंद असताना पोलिसाचा हात पाहून चौक पार करणाऱ्या मोटारीचे चित्रणही या कंपनीने २०१९ मध्ये प्रसिद्ध केले होते. रस्ते वाहतुकीविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार पोलिसाची सूचना दिव्याच्या आणि पाटीच्या वर मानली जाते, त्यामुळे तो करार मानणाऱ्या देशांत ही क्षमता हौसेची नव्हे, कायद्याने आवश्यक अशी आहे.

माणसाच्या चौकात वागायला शिकताना या यंत्रांना ज्या अडचणी आल्या त्या बोधक आहेत. चार पाट्यांच्या एका चौकात गुगलची प्रायोगिक मोटार २००९ मध्ये अडकून पडली, कारण ती इतर वाहने पूर्ण थांबण्याची वाट पाहत राहिली आणि माणसे मात्र इंच इंच पुढे सरकत वाट काढीत राहिली. पुढे मोटारींना थोडे सरकून आपला इरादा दाखवायला शिकविण्यात आले. उलट टोकाला, पाटीपाशी पूर्ण न थांबता हळूच पुढे जाण्याची मुभा देणारी सोय टेस्लाला २०२२ मध्ये अमेरिकेतील सुमारे ५४ हजार मोटारींतून काढून घ्यावी लागली. माणसांमध्ये रूढ असलेला शिथिलपणा यंत्रात लिहिला की तो नियमभंग ठरतो, आणि नियम तंतोतंत पाळला की यंत्र अडते. चौकातील व्यवहार किती प्रमाणात न लिहिलेल्या समजुतीवर चालतो हे यातून प्रथमच स्पष्ट झाले.

१७ ऑगस्ट २०२३ रोजी रात्री सॅन फ्रान्सिस्को येथे पोक आणि टर्क या रस्त्यांच्या चौकात क्रूझ कंपनीची चालकरहित टॅक्सी हिरव्या दिव्यावर पुढे आली आणि भोंगा वाजवीत तांबडा ओलांडून येणाऱ्या अग्निशमन दलाच्या बंबाशी तिची टक्कर झाली. दिव्याच्या दृष्टीने टॅक्सीचे वागणे बरोबर होते. पण बंबासाठी क्रम मोडायचा असतो ही गोष्ट १९१४ सालच्या क्लीव्हलँडच्या चौकीतही जमेस धरलेली होती, आणि १०९ वर्षांनी अधिकार वाहनाकडे सरकताना नेमकी तीच वेळेवर हाती लागली नाही. राज्याच्या मोटार वाहन विभागाने कंपनीला रस्त्यावरील वाहने निम्म्यावर आणायला सांगितले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला त्याच शहरातील मार्केट रस्त्यावरच्या चौकात, माणसाने चालविलेल्या एका मोटारीची धडक बसून एक पादचारी स्त्री शेजारच्या क्रूझ टॅक्सीपुढे फेकली गेली. टॅक्सी तिला धडक दिल्यावर थांबली खरी, पण नंतर रस्त्याच्या कडेला जाण्यासाठी ती पुन्हा हलली आणि गाडीखाली असलेली ती स्त्री सुमारे २० फूट फरफटत गेली. त्यानंतर कंपनीची चालकरहित सेवेची परवानगी स्थगित झाली. गाडीखाली माणूस आहे हे यंत्राला कळले नव्हते. त्याच्या हिशेबात ती स्त्री उरलेलीच नव्हती.

भारतात हा प्रश्न वेगळ्या जमिनीवर उभा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ परवानाधारक चालक गृहीत धरतो, आणि नागपूरचे खासदार व केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये व पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरातच बोलताना, चालकांचा रोजगार जाईल या कारणाने, चालकरहित मोटारींना देशात येऊ देणार नाही असे सांगितले आहे. रोजगाराचा हा मुद्दा खरा आहेच. पण चौकाच्या बाजूने पाहता आणखी एक अडचण तेवढीच मोठी आहे. ड्रेस्नर आणि स्टोन यांच्या पद्धतीला मार्गिका लागतात, प्रत्येक वाहनाची लांबी-रुंदी आणि पोचण्याची वेळ आगाऊ ठाऊक असावी लागते. पुण्याच्या एखाद्या चौकात दुचाक्या मोटारींमधल्या फटीतून दिव्यापाशी पुढे येऊन थांबतात, रिक्षा पदपथाला लागून वळते, पालिकेची बस दोन मार्गिका व्यापते आणि हातगाडी कोणत्याही मार्गिकेत नसते. येथे चौकोन आधी वाटून देता येत नाहीत, कारण कोण कोणत्या चौकोनात जाणार हे शेवटच्या दोन-तीन सेकंदांत, नजरेने आणि हाताच्या इशाऱ्याने ठरते. अशा चौकासाठी जी व्यवस्था कधी तयार होईल तिला प्रथम दुचाकीस्वार, हातगाडीवाला आणि रस्ता ओलांडणारी म्हातारी यांची वाहनाइतकीच नोंद घेणारे साधन लागेल, आणि त्यांच्या खोळंब्याला तिच्या सूत्रात स्वतंत्र पद असावे लागेल.